मान खाली घालून काढलेली बारा चित्रं

१

माझा नवरा निसर्गचित्रं काढतो, पण निसर्गाकडे बघत नाही. बघायचं काम माझ्याकडे आहे.

गावात हे कुणाला माहीत नाही. लोक त्याला फौजी पेंटर म्हणतात. त्याची चित्रं न्हाव्याच्या दुकानात आहेत, नगरपालिकेच्या जिन्यात आहेत, आणि दातांच्या डॉक्टरकडे तर खुर्चीच्या अगदी समोर, म्हणजे तोंडाचा आ वासून पडलेल्या माणसाने नदी बघत कळ सोसावी. लोकांना वाटतं, पेंटर चित्र काढतो आणि बायको बिचारी डबा घेऊन सोबत जाते. डबा नेते हे खरं. बिचारी वगैरे नाही.

आमची पद्धत अशी. दोन घडीच्या खुर्च्या शेजारी शेजारी मांडायच्या. तो मांडीवर फळी घेतो, गवताची हॅट पुढे ओढतो आणि मान खाली घालतो. मी हात लांब करून समोर बोटं धरते आणि डावीकडून सुरू करते. "डावीकडून. टेकडी, तीन बोटं रुंद, एक बोट उंच. मग मोकळं, दोन बोटं. मग विटांची भट्टी, तिचं धुराडं अर्धं बोट." तो काढत जातो. उजवा कोपरा आला की मी हात खाली घेते, पदरावर नाही तर शालीवर पुसते आणि म्हणते, "पूर्ण." मग तो मान वर करतो. मानेतून कट् असा आवाज येतो, तो "आई गं" म्हणतो आणि आम्ही डबा उघडतो.

फौजेत तो टेहळणीवर होता. तिथे समोरच्या मुलखाची चित्रं काढायची ती अशीच, जोडीने. एकाने भिंतीवरून बघून सांगायचं, दुसऱ्याने खाली बसून काढायचं. दोन डोकी वर दिसण्यापेक्षा एक बरं, हे एक कारण. दुसरं म्हणजे काढणाऱ्याने बघितलं की तो मनाचं घालतो. "पूर्ण" ऐकल्याशिवाय मान वर करायची नाही, हा नियम. नोकरी सुटली, नियम काही सुटला नाही. लग्नानंतर त्याने स्वतः बघून एक तळं काढायचा प्रयत्न केला होता. ते तळं कमी आणि सांडलेलं वरण जास्त दिसत होतं.

रंगही मीच सांगते. मला रंगांची शास्त्रीय नावं येत नाहीत. मी म्हणते, "आभाळ करपलेल्या दुधाचं. झाडं फडक्याच्या हिरव्या काठाची, पण धुतल्यावरची. भट्टी तुमच्या त्या जुन्या बनियनची." तो अचूक कालवतो. एकदा शहरातून एक जाणकार आला होता, म्हणाला, यांच्या रंगांत कमालीचा संयम आहे. बनियनचं नाव मी काढलं नाही.

आमच्यात भांडण एकाच गोष्टीवरून. मी कुणाला बोलणं संपवू देत नाही. नवरा "आज जरा" म्हणाला की मी म्हणते, "पाठ दुखतेय, माहीत आहे." लेक तर लहानपणी रडायची, आई मला माझं स्वप्नसुद्धा सांगू देत नाही म्हणून. वाईट खोड आहे, मान्य आहे. पण समोरच्याचं शेवटचं वाक्य मला आधीच दिसत असेल तर मी काय करू?

२

पहिलं कुंपण गिरणीच्या तळ्याच्या चित्रात आलं.

मी तळं सांगितलं, गिरणी सांगितली, काठावरची बदकं सांगितली. "पूर्ण" म्हटलं. मान वर, कट्, आई गं. मी डोकावून बघते तर तळ्यामागे एक बुटकं दगडी कुंपण. डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत, दगडन् दगड काढलेलं.

"हे काय?"

"कुंपण."

"ते दिसतंय मला. समोर कुठे आहे?"

त्याने समोर बघितलं. समोर लव्हाळी आणि चिखल. "तूच म्हणालीस," तो म्हणाला. "बदकांच्या आधी. दगडी कुंपण, अर्धं बोट उंच."

मी हसले. म्हटलं, कान तपासून घ्या. तो म्हणाला, तू जीभ तपासून घे. चित्र छानच झालं होतं. त्या कुंपणामुळे तळ्याला जरा आधार आल्यासारखा वाटत होता, म्हणून आम्ही ते तसंच ठेवलं.

मग ते भट्टीच्या चित्रात आलं. मग रेल्वेच्या जुन्या पुलाच्या. मी काही भित्री बाई नाही. हिशेबाने विचार केला. माणसाचं वय होतं, कानात वारा भरतो, आणि हाताला एखादी रेघ आवडली की हात ती पुन्हा पुन्हा काढतो. मी नाही का प्रत्येक पिशवीवर तोच टाका घालत? सातव्या चित्राच्या वेळी मी मुद्दाम सगळं मोजून मापून सांगितलं, एक शब्द जास्तीचा नाही. कुंपण आलं.

पण मला कुंपणाची भीती नव्हती. भीती वेगळ्याच गोष्टीची वाटायला लागली होती. मी "पूर्ण" म्हटल्यावर तो लगेच मान वर करेनासा झाला होता. आधी एक श्वास जायचा. मग चार. दहाव्या चित्राच्या वेळी मी डबा उघडला, पोळीचा तुकडा मोडला, आणि हा तसाच, पेन्सिल कागदावर टेकवून. अकराव्या वेळी मला तीनदा म्हणावं लागलं, तिसऱ्यांदा खांदा हलवून. त्याने वर बघितलं तेव्हा मी कोण हे त्याला आठवायला क्षणभर लागलं.

"तू बोलत होतीस की," तो म्हणाला. "मध्येच का थांबवलंस?"

मी बोलत नव्हते. माझ्या तोंडात पोळी होती.

३

लेक आली आणि घर एकदम भरून गेलं. तिने वाचनालयाचं मोठं दालन मिळवलं होतं, बाबांच्या चित्रांचं प्रदर्शन करायला. ती आली तीच बाह्या सरसावून. सुतार, म्हणजे आमच्या चौकटी करणारा माणूस, शिडी घेऊन हजर. ग्रंथपाल बाई खिळे हातात धरून उभ्या. नवरा नव्या सदऱ्यात इकडून तिकडे, सगळ्यांच्या पायात पायात.

"बाबा, तुम्ही एका जागी बसा बघू," लेक म्हणाली.

"मला काहीतरी काम दे."

"तेच काम देतेय. बसा."

चित्रं काढली त्या क्रमाने डावीकडून लावायची असं ठरलं. गिरणीचं तळं पहिलं. सुतार एकेक चढवत गेला, मी खालून "जरा वर, जरा खाली" करत होते. सहावं चढलं तेव्हा ग्रंथपाल बाई मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई!"

कुंपण एका चौकटीतून दुसरीत जात होतं. तळ्याच्या चित्रात उजव्या कडेला जो दगड अर्धा कापला गेला होता, त्याचा उरलेला अर्धा भट्टीच्या चित्रात डाव्या कडेला होता. पुढे पुलाखालून, पुढे मळ्यातून. उरलेली पाच चढवली, तरी तेच. अकरा वेगळी ठिकाणं, आणि त्यांतून जाणारं एकच कुंपण.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुतार शिडीवरून म्हणाला, "फौजी, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात!" लेकीने बापाच्या गळ्यात हात टाकले. "सहा महिने हे डोक्यात ठेवून काढत होतात? आणि आम्हाला पत्ता नाही!"

तो हसत होता, पण माझ्याकडे बघत नव्हता. तो अकराव्या चित्राच्या उजव्या कडेकडे बघत होता. तिथे कुंपण थांबलं होतं आणि एका लाकडी खांबाची अर्धी जाडी दिसत होती. खांबाला बिजागरी होती.

"इथे एकाची जागा उरलीय," लेक म्हणाली. "परवा उद्‌घाटन. बाबा, आणखी एक होईल? आपल्या मागच्या दारातून दिसतं ते काढा ना. माझ्यासाठी."

"होईल," तो म्हणाला. "उद्याच बसू."

४

घरी येताना मी त्याला भाजीवाल्याच्या कोपऱ्यावर अडवलं. लेक पुढे गेली होती.

"तो खांब कसला?"

"फाटकाचा."

"तुम्हाला कसं माहीत?"

मग त्याने सांगितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा, हातात कोबी धरून.

टेहळणीवर त्याचा जोडीदार होता, पोपट. नाव वेगळं होतं, पण तोंड अखंड चालू, म्हणून पोपट. त्याच्यासारखा सांगणारा सगळ्या फौजेत नव्हता. कधी अडखळला नाही, कधी शब्द बदलला नाही. वर विनोदही करायचा. "डावीकडून, साहेबाच्या टकलासारखी टेकडी." एकदा भर दुपारी दोघं एका माळावर, आडोशाच्या भिंतीमागे होते. समोर काही नाही, लांबच लांब एक दगडी कुंपण. पोपट सांगत गेला. कुंपण, कुंपण, अजून कुंपण, मग फाटक. "फाटक उघडं आहे," पोपट म्हणाला. "फाटकात—"

आणि थांबला.

"मी वाट बघितली," नवरा म्हणाला. "पूर्ण म्हणाला नव्हता ना. ऊन मानेवर होतं ते पाठीवर गेलं. मला वाटलं, नीट बघतोय. संध्याकाळी दुसरी तुकडी आली, त्यांनी मला काखेत हात घालून उचललं. पोपट भिंतीला रेलून उभाच होता. अंगावर ओरखडा नाही, पण जीव नव्हता. डॉक्टरांनी लिहिलं, उष्माघात."

"आणि फाटकात?"

"मी बघितलं तेव्हा कुंपणही दिसलं नाही. संधिप्रकाश होता." त्याने कोबी या हातातून त्या हातात घेतला. "मला बाकी काही नको गं. एवढंच कळायला हवं, त्याने काय बघितलं. उद्या तू सांगशील."

त्याला कळायला हवं होतं, आणि मला तो हवा होता. उद्या फाटकापाशी मी अडखळले तर हा माणूस मान खाली घालून कायमचा बसून राहील, हे मला लख्ख दिसलं. "नका काढू," मी म्हणाले.

"लेकीने—"

"लेकीला मी समजावते."

"अगं, मला बोलू तर—"

"नाही."

तो माझ्याकडे बघून हसला. फार गोड हसतो. "नाही काढलं," तो म्हणाला, "तर ते मी एकटा बसून ऐकेन. त्यापेक्षा तू शेजारी बस."

मी त्याच्या हातातला कोबी घेऊन पिशवीत टाकला.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता आम्ही मागच्या दारात खुर्च्या मांडल्या. स्वच्छ ऊन. आमच्या घरामागे कापलेलं शेत आहे, मग कालवा, मग उंच झाडांची एक रांग. आत लेक काचा पुसत गाणं म्हणत होती, तेही चुकीच्या चालीत. असल्या सकाळी काय वाईट होणार, असं वाटावं इतकी ती सकाळ चांगली होती. मी माझी निळी शाल घेतली, कोपऱ्यात रफू केलेली. त्याने हॅट पुढे ओढली.

"पाठ दुखली तर थांबायचं," मी म्हटलं.

"सांग आता."

मी हात लांब केला. "डावीकडून. पंपाची खोली, एक बोट. भिंत सायीची, छप्पर गंजलेल्या तव्याचं. मग शेत, चार बोटं, तुमच्या दाढीच्या खुंटांचं." तो खुदकन हसला. पेन्सिल चालू होती. "कालवा, नखाएवढा. मग झाडं. एक, दोन, तीन, चार. मग दगडी कुंपण, अर्धं बोट उंच."

हे मी म्हटल्याचं मला माझ्या कानांनीच कळलं. मी ते म्हणायचं ठरवलं नव्हतं. आणि कुंपण तिथे होतं. कालव्याच्या अलीकडे, कापलेल्या शेतात, उन्हात, आपल्या दगडांच्या सावल्या घेऊन. आतलं गाणं थांबलं होतं. लेक काच पुसायची थांबली असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

"कुंपण, दोन बोटं," मी म्हणत होते. "कुंपण. मग फाटक, लाकडी. फाटक उघडं आहे. फाटकात—"

पेन्सिल थांबली. शेजारी त्याचा श्वासही थांबला.

फाटकात दोन घडीच्या खुर्च्या होत्या. एकीवर एक माणूस मान खाली घालून बसला होता, मांडीवर फळी, डोक्यावर गवताची हॅट. तिची कड डावीकडे मोडलेली. ती कशी मोडली हे मला माहीत आहे, मीच तिच्यावर बसले होते. दुसरीवर निळ्या शालीतली एक बाई. तिने हात लांब केला होता आणि बोटं धरून ती आम्हाला मोजत होती. आमचं दार तिची दोन बोटं असेल. मी एखादं. तिचे ओठ हलत होते.

ती मला बघत होती, मी तिला. आणि मग तिने हात खाली घेतला आणि शालीवर पुसला.

पुढचा शब्द कोणता, हे मला जगात कुणी सांगायची गरज नव्हती.

"फाटकात कुणी नाही!" मी ओरडले. "पूर्ण! पूर्ण, पूर्ण, पूर्ण!"

तिचं तोंड अर्धं उघडलेलं मी बघितलं. मग शेत होतं, कालवा होता, झाडं होती. आत लेक गाण्याच्या दुसऱ्या कडव्यावर पोचली होती. मी वळून बघायला घाबरले. मग शेजारी कट् असा आवाज आला.

"आई गं," माझा नवरा म्हणाला.

माझा जीव भांड्यात पडला. मी त्याची मान दोन्ही हातांनी धरली आणि त्याचा चेहरा बघत राहिले, लेक दारात येऊन "काय चाललंय तुमचं?" म्हणेपर्यंत.

"कुणी नाही?" त्याने विचारलं.

"कुणी नाही."

"नक्की?"

"मी बघितलं ना. रिकामं फाटक."

तो बराच वेळ शेताकडे बघत राहिला, स्वतःच्या डोळ्यांनी. मग हसायला लागला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तीस वर्षं," तो म्हणाला. "रिकाम्या फाटकासाठी! पोपट्या, लेका, छळलंस की रे."

सांगणाऱ्याने खोटं सांगायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. तो मी मोडला. पुन्हा मोडेन.

६

उद्‌घाटनाला अख्खं गाव लोटलं. न्हावी आला, दातांचे डॉक्टर आले, त्यांचे पेशंट गाल धरून आले. बारावं चित्र जागेवर बसलं, खांबाला खांब जुळला, आणि सगळं कुंपण त्या उघड्या, रिकाम्या फाटकाशी येऊन थांबलं. लोक तिथे उगाच रेंगाळत होते. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, आत जावंसं वाटतं. मी त्यांना चहाच्या टेबलाकडे नेलं.

आता तो बघून काढतो. मान वर, हॅट मागे, आणि चांगलं काढतो. कुंपण पुन्हा आलं नाही. मी डबा नेते आणि शेजारी विणकाम करत बसते. मधूनच तो विचारतो, "या ढगाला काय म्हणायचं?" मी म्हणते, "फुटलेली उशी." संसारात इतकं हसणं मला माझ्या तरुणपणीही मिळालं नव्हतं.

पोपटाचा मात्र मी खूप विचार केला. त्या माळावर फाटकात त्याने कुणाला बघितलं असेल, ते मला आता कळतं. स्वतःच्या शेजारी बसलेला माणूस समोरही बसलेला, आणि त्याच्या शेजारी उभा असलेला तो स्वतः. असं दिसल्यावर कुणीही क्षणभर थांबेल. पोपट थांबला, आणि पलीकडच्याने आधी "पूर्ण" म्हटलं, म्हणून पोपट संपला. मीही थांबले, पण पलीकडचीचा शब्द आधी तोडला, कारण मला कुणाला बोलणं संपवू द्यायची सवयच नाही. लेकीला हे सांगायची फार इच्छा होते.

पण मी आता बदलले आहे. लेक म्हणते, "आई, हल्ली तू ऐकून घेतेस." घेते. कारण त्या निळ्या शालीतल्या बाईचं बोलणं मी तोडलं, आणि तिच्या शेजारचा माणूस तेव्हापासून मान खाली घालून बसला असेल. ती पोपटासारखी गेली की अजून त्याच्याशेजारी आहे, हेही मला माहीत नाही. तो कुणाचा नवरा आहे हे मला नीट माहीत आहे. त्याच्या हॅटवर मीच बसले होते.

म्हणून रोज सकाळी दहाच्या सुमाराला, कपडे वाळत घालून झाले की मी मागच्या दारात उभी राहते. हात शालीवर पुसते आणि शेताकडे तोंड करून मोठ्यांदा म्हणते, "पूर्ण."

"कुणाला गं?" नवरा आतून विचारतो.

"शेजाऱ्यांना."

काल मी असंच म्हटलं आणि आत वळले. नवरा समोरच होता, वाटीत ब्रश धूत, मान ताठ. तेव्हा माझ्या पाठीमागून, कापलेल्या शेताच्या मधोमध कुठेतरी, कट् असा आवाज आला.

मी मागे बघितलं नाही. मला इतका आनंद झाला की मी आम्हा दोघांचा चहा टाकला, आणि चुकून चार कप टाकला.